नारळ आपण फोडत नाही

(कलशारोहणाच्या दुसऱ्या दिवशी, रात्री कीर्तनापूर्वी सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या रोजच्या बोलण्याविषयी मी चार शब्द सांगावेत अशी समितीची आज्ञा झाली. बुवा एवढ्यात येतील, तेव्हा फार वेळ घेत नाही.

काल कळस चढला तेव्हा पायरीवर किती नारळ वाढवले त्याची गणती नाही. पण जुन्या माणसांपैकी कोणी "नारळ फोडा" असे म्हणाले नाही. नारळ आपण वाढवतो. समई विझवत नाही, शांत करतो. बांगडी फुटली असे बायका म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दुकानदार रात्री दुकान वाढवतो. घरातून निघताना "जातो" म्हटले की म्हातारी उंबऱ्यातून ओरडते, "अरे, येतो म्हण!" हे कोणत्या शाळेत शिकवले? फुटायचे ते फुटते, जायचे ते जाते. पण ते सांगताना तोंडातून अभद्र निघू नये, ऐकणाराच्या काळजाला धक्का लागू नये, एवढी जपणूक आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखसुद्धा नव्हती.

आणि त्याच घरात सकाळी पोराला हाक काय असते? "मुडद्या, ऊठ." "कार्टे, कुठे मेली होतीस?" दिव्याला 'विझला' म्हणवत नाही, आणि पोटच्या पोराला 'मुडदा' म्हणवते. दिवा तर ऐकत नाही, पोर ऐकते.

कोणी म्हणेल, अहो, ते लाडाचे असते. असते, मला मान्य आहे. आपल्याकडच्या काही शिव्यांत जेवढी माया आहे तेवढी शहरातल्या 'थँक्यू'मध्येही सापडायची नाही. आई "मेल्या" म्हणत पदराने तोंड पुसते तेव्हा पोर शब्दावर जात नाही, हातावर जाते. त्या शब्दांशी माझे भांडण नाही. माझे म्हणणे आहे ते माणसाला चिकटून पुढे त्याचे नावच होऊन बसणाऱ्या शब्दांविषयी.

नकुसा, नकोशी ही नावे आपण ऐकली असतील. मुलग्याची वाट पाहताना पुन्हा मुलगी झाली, की निदान पुढची तरी मुलगी होऊ नये म्हणून हिचे नाव नकुसा. सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेण्यात आला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभ करून २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली, त्यांची प्रमाणपत्रे देण्यात आली. अशा नावाची पोर शाळेत बसलेली डोळ्यांपुढे आणा. हजेरी घेताना गुरुजी पुकारणार "नकुसा", आणि ती उभी राहून म्हणणार "हजर". रोज. म्हणजे 'नको असलेली कोण?' असे विचारायचे आणि 'मीच ती' असे तिने सांगायचे. दुसऱ्याने दिलेला शब्द माणूस आपल्या तोंडाने आपल्यालाच कसा लावून घेतो, हे याहून स्पष्ट मला दाखवता येणार नाही.

आता आपल्या भोवती पाहा. पाय अधू असलेल्या माणसाच्या घराचा पत्ता आपण 'लंगड्याचे घर' असाच सांगतो. नवऱ्याने नांदवली नाही ती 'टाकलेली'. टाकणारा तो, पण शब्द कायमचा हिच्या कपाळी! मूल नसलेल्या बाईला काय म्हणतात ते इथे उच्चारत नाही. नवरा गेलेली बाई समोरून आली तर 'पांढऱ्या पायाची'. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना त्याप्रमाणे करण्याविषयी परिपत्रक काढले. सौभाग्यवतीची बांगडी आपण 'वाढवतो', आणि विधवेची मात्र 'फोडतो', हा फरक एकदा घरी जाऊन मनाशी तोलून पाहावा. वस्त्यांचेही तेच आहे. जातींवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाटी एका दिवसात बदलता येते, पण जिभेवरचे जुने नाव जायला वेळ लागतो.

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने तर नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिव्या देण्यास बंदी केली आणि पाचशे रुपये दंड ठेवला. दंडाचा मार्ग मला पुरता पटत नाही. एखादा बहाद्दर हजार रुपये टेकवून "दोन झाल्या" म्हणायचा! (हशा) पण पाणी, रस्ता, वीज यांच्या जोडीला गावाची जीभ हाही ग्रामसभेचा विषय आहे असे एका गावाला वाटले, याचे मला कौतुक आहे.

आणि गोड बोलणे आपल्याला येत नाही असे थोडेच आहे? वारीत अनोळखी माणसालाही आपण "माउली, जरा सरका" म्हणतो. पंढरपुराहून परत आलेला हाच वारकरी बांधावर उभा राहून सख्ख्या भावाला काय म्हणतो, ते देवासमोर कशाला सांगू? (हशा)

आता आपण आपल्याशीच काय बोलतो ते. देणगीची पावती फाडताना पुष्कळांनी म्हटले, "फूल ना फुलाची पाकळी." हे नम्रतेचे बोलणे झाले, यात देणाराचा मान राहतो. पण काहींनी म्हटले, "आम्हा दरिद्र्यांचे कसले नाव घालता, लोक हसतील." या दोन बोलण्यांत मोठे अंतर आहे. संतांनी स्वतःला पतित, पामर म्हटले हे खरे. पण ते देवाच्या पायाशी म्हटले. सावकाराच्या ओट्यावर किंवा पावतीपुस्तकापुढे त्यांनी मान खाली घातली नाही.

शेतकऱ्याच्या घरी हे जास्त जपले पाहिजे. पाऊस दडी मारतो, कांदा चाळीत सडतो, भाव पडतो, आणि घरधनी म्हणतो, "मीच करंटा." बायको तेच म्हणते, म्हातारा तेच म्हणतो. म्हणता म्हणता तो एक दिवस बोलून जातो, "माझा काही उपयोग उरला नाही, माझ्यावाचून तुमचे बरे चालेल." मंडळी, हे कानावर आले तर बोलण्याची रीत म्हणून सोडून देऊ नका. "काहीतरीच काय बोलतोस" म्हणून उठून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. उपदेश नको, कर्जाचा हिशेबही त्या घटकेला नको. पाऊस तुझ्या हातात होता का, एवढे विचारा आणि तो काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐका. त्याला एकटे सोडू नका, घरच्यांच्या कानावर घाला, आणि सोबत जाऊन डॉक्टरांना दाखवा. ताप आला तर नेतोच ना आपण?

बुवा आलेले दिसतात. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो आणि बसतो.

उजव्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी बसायची आहे. तिचा कच्चा कागद मी पाहिला. त्यात काही नावे गावच्या हाकेप्रमाणे उतरली आहेत. कुठे 'अमक्याची आई', कुठे 'तमक्याची विधवा' एवढेच आहे. ज्या बायांनी डोक्यावरून वाळू-खडी वाहिली त्या सगळ्यांची मिळून 'श्रमदान : महिला' अशी एक ओळ आहे. समितीचा यात दोष नाही. जसे सांगितले गेले तसे वहीत लिहिले. कोरणारा कारागीर सोमवारी येणार आहे. तोवर प्रत्येकाने चिटणिसांकडे आपले पूर्ण नाव, स्वतःला आवडते तसे, लिहून द्यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसते सांगावे, ते उतरून घेतील. कीर्तन संपेपर्यंत ते वही घेऊन दीपमाळेपाशी बसलेले आहेत.