शेळी कुणाची, चारा कुणाचा?

(चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी येथे शेतमजूर कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी शेळीवर बोलणार आहे, हे समजल्यावर एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारले, "पक्षाच्या बैठकीत शेळी कशाला?" त्यांच्या प्रश्नात थट्टा होती, पण तो प्रश्न गैर नव्हता. आपण जमिनीवर बोलतो, मजुरीवर बोलतो, कापसाच्या भावावर बोलतो. परंतु ज्या घरात जमीनच नाही आणि वर्षातले चार-पाच महिने मजुरीही नाही, त्या घरात आजारपण निघाले, मुलाची फी आली, तर पैसा कोठून उभा राहतो? दावणीची शेळी विकून. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. शेळी मात्र बहुधा बाईच्या शब्दाने विकली जाते. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या मोजल्या गेल्या. एवढ्या मोठ्या मालमत्तेसंबंधी आपल्या ठरावांत एक ओळ नसावी, याचे मला आश्चर्य वाटते.

चारठाण्याची प्राचीन मंदिरे पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येतात. आम्ही आज ज्या कामाला आलो आहोत ते त्या मंदिरांच्या मागच्या वस्त्यांतले आहे.

प्रथम जनावराविषयी. आपल्या मराठवाड्यातली काळी, लोंबत्या कानांची शेळी म्हणजे उस्मानाबादी. जिल्ह्याचे नाव 2023 साली धाराशिव झाले. शेळीचे जुनेच चालू आहे. ती उन्हाला टिकते, काटेरी पाल्यावर जगते आणि पुष्कळदा जुळी करडे देते. पाच महिन्यांचा गाभणकाळ धरला आणि नीट निगा ठेवली, तर दोन वर्षांत तीन वेळा विते. पांढरी, उंच, परप्रांतीय जात दिसायला देखणी असते म्हणून कोणी कर्ज काढून आणू नये. सरकारी योजनेतून दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट दूरच्या बाजारातून एका गावी आलेला मी पाहिला आहे. वाहनाचा शीण, नवे पाणी, नवा चारा आणि वर पावसाळा. चार महिन्यांत निम्मी दावण मोकळी झाली. कर्जाचा हप्ता तेवढा जिवंत राहिला. शेळी घ्यायची ती आपल्या तालुक्यातली, दोन दात आलेली, एक वेत झालेली आणि मालकिणीच्या दारात पाहूनच घ्यावी.

बोकडाच्या बाबतीत आपण सगळे मिळून एक चूक करीत आलो आहोत. कळपातले सर्वांत जोमदार नर करडू बकरी ईदला किंवा जत्रेला आधी विकले जाते, कारण त्यालाच गिऱ्हाईक येते. मागे उरलेले किडके बोकड गावभर फिरते आणि पुढच्या पिढीचा बाप होते. वर्षानुवर्षे असे चालले तर जात खुजी होणार नाही तर काय? जुळ्यातला, चांगला वाढलेला एक बोकड वस्तीने मिळून राखावा. वीस-पंचवीस शेळ्यांना तो पुरतो. दोन वर्षांनी तो शेजारच्या गावच्या बोकडाशी बदलावा, म्हणजे बापाचा लेकीशी संबंध येणार नाही. हे काम एकट्या बाईच्या आवाक्यातले नाही. वस्तीचे आहे, म्हणूनच कार्यकर्त्याचे आहे.

आता करडाविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण आपले खरे नुकसान तेथे होते. करडू जन्मले की नाकातोंडातला चिकटा पुसावा, नाळ दोन बोटांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून नव्या पात्याने कापावी आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. वार पडेपर्यंत पाजू नये, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. ती घातक आहे. वार पडायला काही तास लागतात, आणि तेवढ्यात करडाची रोगाशी लढण्याची शिदोरी हातची जाते. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक दिवसभरात तीन-चार वेळा द्यावा. जुळ्यांपैकी दुबळ्याला हाताने धरून पाजावे, नाहीतर दांडगे भावंड त्याला आचळाजवळ येऊ देत नाही. हा सगळा खर्च किती? एक दोरा, एक पाते आणि औषधाची लहान बाटली.

मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो ओला पाला, किलोभर वाळला चारा आणि पाव किलोच्या आत-बाहेर खुराक लागतो. गाभणकाळाच्या शेवटच्या दीड महिन्यात खुराक वाढवावा. बाभळीच्या शेंगा, शेवरी, हादगा, तुरीचा भुसा हे सारे चालते. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नये. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी किराळ लागते, हे येथल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक आहे, तिचे ऐकावे. निवारा कोरडा असावा, दर शेळीला दहा चौरस फूट जागा असावी. थंडीपेक्षा ओल अधिक शेळ्या मारते. पावसाळ्याच्या आधी व नंतर जंताचे औषध द्यावे आणि तेच ते औषध कायम वापरू नये.

लसींत आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी, दरवर्षी. आणि पीपीआरची करडू तीन महिन्यांचे झाल्यावर, जी सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. पीपीआर ही शेळ्यांची बुळकांडी. गाईगुरांची बुळकांडी लस टोचून टोचून हटवली गेली आणि 2011 साली ती जगातून नाहीशी झाल्याची घोषणा झाली. शेळीची बुळकांडी संपविण्यासाठी जगाने 2030 ही मुदत घातली आहे. मोठ्या जनावराचा मालक तहसीलात ओळखीचा असतो, शेळीची मालकीण नसते. या फरकाचा आणि या विलंबाचा काहीच संबंध नाही, असे मला कोणी पटवून द्यावे. दुष्काळातल्या चारा छावण्यांचेही तेच. गाई-बैलांच्या छावण्या किती दुष्काळांत उघडल्या गेल्या! शेळ्या-मेंढ्यांसाठी छावणीचा निर्णय 2019 च्या दुष्काळात झाला.

मेंढीविषयी थोडक्यात. शेळी पाला ओरबाडते, मेंढी गवत कुरतडते. म्हणून मेंढीला जंत लवकर धरतात आणि ओल्या रानात तिचे खूर कुजतात. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. घोंगडीची मागणी ओसरली आणि कातरणीची मजुरीही लोकरीतून निघेनाशी झाली. डुकरे पाळणाऱ्यांचा विषय तर आपणही सभेत काढीत नाही. का काढीत नाही, याचे उत्तर आपल्या मनात शोधावे. डुकरीण 114 दिवसांत विते, एका वेताला आठ-दहा पिले देते. खरकटे उकळूनच घालावे आणि पिलांना पहिला आठवडा ऊब द्यावी. 2020 पासून देशात आफ्रिकी स्वाइन फीव्हर शिरला आहे, त्यामुळे बाहेरचे जनावर एकदम कळपात सोडू नये.

आता मुख्य वाद. शेळी रान खाते, असे म्हणतात. 1992 साली सुरू झालेल्या आदर्श गाव योजनेत नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांच्याबरोबर चराईबंदी आली. डोंगर उघडे पडले आहेत, पाणी मुरत नाही, हे मी नाकारीत नाही. कोवळ्या रोपाचा शेंडा शेळी खाते हेही खरे. पण चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत कोण मांडतो? ज्याच्या बांधावर चारा आहे, तो. ज्वारी हटून सोयाबीन आले तसा कडबाही घटला. गायरान कोठे शासकीय इमारतींत गेले, कोठे बड्यांच्या कुंपणात. काही गायरान भूमिहीनांनी कसायला घेतले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 साली झालेल्या सत्याग्रहाची ती मागणीच होती, आणि त्या मागणीशी शेळीचे भांडण लावून देणाऱ्यांपासून आपण सावध राहिले पाहिजे. बंदी घालायची तर आधी चारा द्या. पडीक जमिनीचा एक तुकडा भूमिहीन बायांच्या गटाकडे सोपवा. तेथे शेवरी-हादगा लावू द्या, पाला कापून नेऊ द्या. शेळी दावणीला बांधण्यास त्या तयार होतील.

दुसरी लूट बाजारात होते. व्यापारी शेळीच्या पाठीवरून हात फिरवतो, कंबर चाचपतो आणि आकडा सांगतो. कापूस वजनावर, तूर वजनावर, मटण वजनावर. शेळी तेवढी नजरेवर! ताणकाटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागे छातीचा घेर इंचांत मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि 660 ने भागा. वजन किलोत मिळते. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर सुमारे 31 किलो. किलो-दोन किलोंचा फरक पडेल, पण व्यापाऱ्याच्या नजरेत पडतो तेवढा नाही. शाळेत जाणारी मुलगी हे गणित करील. गटाने सहा-आठ शेळ्या एकदम, वजन सांगून बाजारात नेल्या, तर भाव कसा बोलला जातो ते पाहा.

परभणीला 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांना पावसाळ्यापूर्वी येथे बोलवावे, आणि त्यांच्यासमोर पहिल्या रांगेत पुढाऱ्यांनी नव्हे, शेळ्या राखणाऱ्या बायांनी बसावे. ताणकाट्याची वर्गणी आजच जमवू. बोकड कोणाच्या दारात राहील आणि लशीच्या तारखांची वही कोण ठेवील, ही दोन नावे बैठक उठण्यापूर्वी मला हवी आहेत.