बोअरचं पाणी किती जड?



लातुरात बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही. काळ्या खडकातून मुरलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊनच वर येतं. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाही वापराच्या पाण्याला बोअर आणि टँकरच होते. पण जड म्हणजे नेमकं किती जड? इथं टायट्रेशन कामाला येतं.

पिपेटनं ५० मिलिलिटर पाणी फ्लास्कमध्ये घ्या. अमोनियाचं बफर घालून पीएच १० च्या आसपास आणा. चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकला की पाणी लालसर होतं. आता ब्युरेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं ईडीटीए, ०.०१ मोलर, सोडा. लाल, मग जांभळट, मग स्वच्छ निळा. पुष्कळ मुलं जांभळटावरच तोटी बंद करतात. शेवटी क्रिया रेंगाळते, तेव्हा दोन थेंबांच्या मधे फ्लास्क हलवत राहायचं.

समजा, २२.४ मिलिलिटर ईडीटीए लागलं. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजतात, आणि ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे लिटरमागे ४४८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक २०० सांगतं. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. नांदेडला गोदावरीचं पाणी घेतलंत, तर ईडीटीए बहुधा कमी लागेल.

एखादा थेंब जास्त पडला तर लिटरमागे मिलिग्रॅमभराचा फरक. तो सोसतो. खरी गोम ईडीटीएच्या बाटलीत असते. लिटरभर द्रावणाला ईडीटीएचं डायसोडियम मीठ ३.७२ ग्रॅम लागतं. कुणी साडेतीनच टाकलं, तर त्याच पाण्याला ४४८ ऐवजी ४७६ उत्तर येईल, आणि सगळ्या वर्गाचं तेच येईल! तिन्ही रीडिंग जुळतात, सीबीआर (जुळलेलं ब्युरेट रीडिंग) जर्नलमध्ये चढतो, सही होते. नीट परीक्षेच्या प्रश्नात ०.०१ छापलेलंच असतं; त्यावर शंका घ्यायची सवय आपल्या क्लासेसनी लावलेली नाही.

उपाय सोपा आहे. एक ग्रॅम शुद्ध, कोरडं कॅल्शियम कार्बोनेट जेमतेम लागेल तेवढ्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, लिटरभर करा. त्यातल्या २५ मिलिलिटरला ईडीटीए २५ च लागलं पाहिजे. बफरमध्ये चिमूटभर मॅग्नेशियम-ईडीटीए असू द्या (साधं मॅग्नेशियमचं मीठ नको, ते स्वतःच ईडीटीए खातं), नाहीतर रंग नीट पालटत नाही. २६.६ लागलं, तर बोअरच्या पाण्याला हात लावण्याआधी बाटलीवरची चिठ्ठी बदला.