बालकाचे आसन



लग्नसराईत परभणीहून गंगाखेड, जिंतूर वा पाथरीस निघालेल्या आपल्या मोटारींत लहान मूल बहुधा आईच्या मांडीवरच असते. मांडीसारखे निर्भय स्थान नाही, ही समजूत घरात खरी. धावत्या गाडीत नव्हे. गाडी एकाएकी थांबली की मूल तिच्याच वेगाने पुढे फेकले जाते. तेथे मातेचे हात पुरे पडत नाहीत. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने १४ वर्षांखालील मुलास पट्टा वा बालसुरक्षा-आसन आवश्यक केले असून, कसूर झाल्यास १,००० रुपये दंड ठेविला आहे.

गाडीतील पट्टा मोठ्यांच्या मापाचा. लहानग्याच्या तो गळ्याशी व पोटावर येतो. बूस्टर आसन मुलास उंच करते, तेव्हा पट्टा खांद्याच्या मध्यावरून व मांड्यांच्या मुळाशी नीट बसतो. वजन १५ किलो झाल्यावर, साधारण चौथ्या वर्षापासून, उंची सुमारे १४५ सेंटिमीटर होईपर्यंत ते वापरावे.

निवडताना केवळ मऊपणास भुलू नये. मुलास आपल्याच गाडीत, मागील बाजूस बसवून पाहावे. पाठ टेकून गुडघे कडेशी वाकतात काय, झोपेत मान सावरते काय, हे तपासावे. आपल्याकडील वैशाखात सुती, धुण्याजोगे आवरण बरे. अवघडलेले मूल पट्ट्यातून अंग काढून घेते. म्हणून येथे सोय ही चैन नव्हे, तीच सुरक्षितता होय.

बारशास आपण नातवंडाला चांदीचे वाळे हौसेने घालतो. त्याच हौसेने पुढे हे आसनही घ्यावे, एवढीच आमची विनंती.