शाळेची परसबाग आणि यतनेचा संस्कार

(सुवर्ण महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मंदिर, उपाश्रय, पाठशाळा, आयंबिल खाते आणि जीवदया या कार्यांविषयी अधिकारी वक्त्यांनी आपल्यासमोर विचार मांडले. माझ्याकडे आलेला विषय आकाराने लहान आहे. आपल्या प्राथमिक शाळेच्या मागील मोकळ्या जागेत पहिली ते चौथीची मुले भाजीची परसबाग करतात, तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे. परंतु त्यामागील प्रश्न लहान नाही. ‘जैन ट्रस्टच्या शाळेने मुलांच्या हाती खुरपे द्यावे काय?’ असे समाजातील काही ज्येष्ठांनी विचारले आहे. सुवर्ण महोत्सवी वर्षात त्या जागेवर फरशी घालून घ्यावी, अशी सूचनाही विश्वस्त मंडळापुढे आली आहे. शाळा समितीचा एक सदस्य या नात्याने त्या सूचनेवर माझे म्हणणे मांडणे मी कर्तव्य समजतो.

प्रथम आक्षेप नीट समजून घेऊ, कारण तो श्रद्धेतून आलेला आहे. पृथ्वीकाय, अप्काय, तेउकाय, वायुकाय, वनस्पतिकाय आणि त्रसकाय असे सहा जीवनिकाय आपण मानतो. कुदळ मारली की पृथ्वीकायाची विराधना होते, पाणी घातले की अप्कायाची. मातीतील मुंगी, गांडूळ, किडा हे तर डोळ्यांना दिसणारे त्रस जीव. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचा व्यवसाय, म्हणजे स्फोटक कर्म, सांगितलेले आहे. पाठशाळेत हिरवळीवरून चालू नये असे शिकवावयाचे आणि शाळेत त्याच मुलांना माती उकरावयास लावावयाचे, यात विसंगती नाही काय? हा प्रश्न टाळून परसबागेचे कौतुक करणे योग्य होणार नाही.

आता शास्त्रातीलच दुसरी बाजू पाहू. कर्मादाने सांगणाऱ्या उपासकदशांग सूत्रातच आनंद श्रावकाचे चरित्र आहे. भगवान महावीरांसमोर त्याने श्रावकाची व्रते घेतली. तेव्हा त्याने शेतजमिनीची मर्यादा केली, ती पाचशे नांगरांची. त्याने शेती समूळ सोडली नाही, तिला सीमा घातली. आणि भगवंतांच्या प्रमुख श्रावकांत त्याची गणना झाली. त्याहीपूर्वी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे लोकांना शिकविली ती आपल्या प्रथम तीर्थंकरांनी, असे जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात सांगितले आहे. वर्षीतपाचे पारणे आपण अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने करतो. श्रेयांसकुमाराने भगवान ऋषभदेवांना वहोरावलेला तो रसही कोणाच्या तरी शेतातूनच आला होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. यांतील संकल्पी हिंसेचा, म्हणजे जाणूनबुजून जीव मारण्याचा, गृहस्थाने संपूर्ण त्याग करावयाचा असतो. उरलेल्या तीन प्रकारांतून संसारी माणूस पूर्णपणे सुटू शकत नाही. म्हणून तेथे मर्यादा आणि यतना ही दोन साधने त्याच्या हाती दिली आहेत. आपल्या परसबागेचा विचार याच दोन कसोट्यांवर व्हावा, अशी माझी विनंती आहे.

येथे व्यापारी म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. मी कापड विकतो. माझ्या दुकानातील सुती कापडाचा प्रत्येक तागा कोणत्या तरी शेतातील कापसातून आला आहे. तेथे जमीन नांगरली गेली, कापसावर पडणाऱ्या बोंडअळीसाठी औषधाची फवारणी झाली. नांगर आणि फवारणीचा पंप माझ्या हातात नव्हता, म्हणून त्याची नोंद माझ्या खात्यावर होतच नाही, असे मला म्हणता येईल काय? करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार आपला धर्म करतो. जमाखर्चात एखादी बाजू लिहिली नाही म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही; फक्त ताळेबंद खोटा ठरतो. त्याचप्रमाणे शाळेमागे फरशी घातल्याने आपल्या मुलांच्या ताटातील भेंडी बंद होणार नाही. ती बाजारातून येईल, तिच्यावर काय फवारले होते हे आपल्याला कळणार नाही, आणि मुलांना वाटेल की भाजीचा जन्म हातगाडीवर होतो. फरशीसाठी जमीन उकरावी लागते, ही गोष्ट वेगळीच.

परसबागेत मर्यादा आणि यतना कशी पाळली जाते, ते आता सांगतो. जागा वीस फूट रुंद व तीस फूट लांब एवढीच. ती वाढवावयाची नाही, हा पहिला नियम. कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर, रताळे ही अनंतकायात मोडणारी पिके तेथे घेतली जात नाहीत. बहुबीज म्हणून वांगेही नाही. भेंडी, गवार, टोमॅटो वाफ्यांत. दुधी, दोडका, कारले मांडवावर. फळ तोडले तरी झाड उभे राहते, अशीच ही निवड आहे.

खोदाईचे काम वैशाखात, जमीन कोरडी असताना, मोठी माणसे एकदाच करून घेतात. पाऊस पडला की मातीत असंख्य जीव निर्माण होतात. म्हणून चातुर्मासात कुदळ चालत नाही. तण मुळासकट न उपटता वरून कापले जाते. पालेभाजीबाबत तर शास्त्रमर्यादा आणि हंगाम यांचा उत्तम मेळ बसला आहे. आपल्यापैकी अनेक घरांत फाल्गुन चातुर्मासीपासून कार्तिकी चातुर्मासीपर्यंत पालेभाजी वर्ज्य असते. मेथी आणि पालक यांना मानवते ती थंडी. कार्तिकी पौर्णिमेनंतर पेरलेली मेथी महिन्याभरात तयार होते आणि फाल्गुनापूर्वी वाफा मोकळा होतो.

पाणी झारीने, फक्त रोपाच्या आळ्यात, आणि सूर्यास्तापूर्वी घातले जाते. मुले ते पाणी गाळून घेतात. गळण्याचे कापड दुहेरी का असावे आणि गाळल्यानंतर ते कापड ज्या पाण्याचे त्याच पाण्यात हलक्या हाताने का विसळावे, हे पाठशाळेत ऐकलेले येथे त्यांच्या हातून घडते.

कीटकनाशक औषध बागेत येत नाही. निंबोळी अर्कानेही किड्यांना अपाय होतो, म्हणून तोही वापरला जात नाही. दोडका आणि कारले यांच्या कोवळ्या फळात फळमाशी अंडी घालते व फळ आतून सडते. यावर उपाय म्हणून फळ बोटभर असतानाच त्याला मलमलच्या चिंध्यांची सैल पिशवी बांधतात. माशीला मारावे लागत नाही आणि फळही वाचते. भेंडीवर अळ्या सापडल्या तेव्हा मुलांनी स्वतःच मार्ग काढला. कोपऱ्यातील एक वाफा त्यांनी अळ्यांसाठी राखून ठेवला. सापडलेली अळी पानासकट उचलून तेथे नेतात. त्या वाफ्यातील भेंडी कोणी तोडत नाही. त्यामुळे उत्पन्न कमी होते, हे मी मान्य करतो. पण अळीचाही वाटा असतो हे तिसरीतील मुलाने स्वतः ठरविणे, या संस्काराची किंमत कोणत्या तराजूत करावयाची?

मुले दुधीच्या वेलाजवळ उभी राहून जे शिकतात ते मीही त्यांच्याकडूनच शिकलो. या वेलाला नर आणि मादी अशी वेगळी फुले येतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढे हिरवे फळ आधीपासूनच दिसते. ही पांढरी फुले सायंकाळी उमलतात आणि रात्री पतंग त्यांच्यावर येतात. पतंगाने परागकण आणून दिले नाहीत तर ते इवलेसे फळ पिवळे पडून गळते. ज्या क्षुद्र कीटकाकडे आपण लक्षही देत नाही, त्याच्यावाचून आपल्या ताटात दुधी येत नाही. जीव जीवाच्या उपकाराने जगतो, हे तत्त्व तत्त्वार्थसूत्राच्या पाठांतराबरोबर वेलावरही वाचता येते.

शाळेच्या अभ्यासालाही बागेचे साह्य आहे. वाफ्याची परिमिती व क्षेत्रफळ, भेंडी पेरल्यापासून उगवेपर्यंतचे दिवस, तोडलेल्या भाजीचे ग्रॅममध्ये वजन, या सर्वांची नोंदवही चौथीची मुले ठेवतात. भाजी विकली जात नाही. ती शाळेच्या दुपारच्या भोजनात जाते आणि देठ-पाला पांजरपोळात. खर्च साधारण खात्यातून होतो; देवद्रव्य अथवा जीवदया खात्यातील एक पैसाही तेथे वापरला जात नाही, हे हिशेब तपासून मी जबाबदारीने सांगतो.

श्रम आणि शिक्षण यांचा संयोग आपल्या समाजाला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहिली, शेतात राबली, आपले अन्न आपण शिजवून शिकली. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र त्यांनी महाराष्ट्राला दिला. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्धा येथील परिषदेत नयी तालीमचा विचार मांडला, त्याचाही गाभा हाताच्या कामातून शिक्षण हाच होता. केंद्र सरकारनेही २०१९ साली शालेय पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शासन पोषणाचा विचार करते, तो योग्यच आहे. आपण त्यात यतनेची भर घातली, तर जैन शाळेची परसबाग इतर शाळांनाही काही देऊ शकेल.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती अशी की, फरशीची सूचना तूर्त बाजूस ठेवावी. परसबागेचे नियम लेखी करून पूज्य गुरुभगवंतांसमोर ठेवावेत आणि ते सुचवतील त्या दुरुस्त्या शिरसावंद्य मानाव्यात. आक्षेप घेणाऱ्या ज्येष्ठांपैकी दोघांना परसबागेच्या देखरेखीवर नेमावे. त्यांच्याइतकी सूक्ष्म दृष्टी आमच्यापाशी नाही. आणि पालकांनी आठवड्यातून एकदा मुलांबरोबर तेथे यावे.

मातीपासून दूर राहून हात स्वच्छ राहतात, पण आपल्या प्रत्येक घासामागे किती जीव आणि किती माणसांचे कष्ट आहेत, हे मुलांना कळत नाही. ज्याला ते कळले तो ताटात अन्न टाकणार नाही, गरजेपेक्षा अधिक घेणार नाही आणि शेतकऱ्याशी भाव करताना जीभ सांभाळील. आपल्या ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांचे श्रावक आज त्या सहा वाफ्यांजवळ झारी घेऊन उभे आहेत. त्यांच्या पायाखालची जमीन त्यांच्यासाठी मोकळी राहू द्यावी, एवढीच प्रार्थना करून माझे दोन शब्द पूर्ण करतो.

जय जिनेंद्र!