चार्लीचा बूट

ज्या चित्रपटात बोललेला शब्दच नाही, त्याविषयी नभोवाणीवर बोलायचे म्हणजे पंचाईतच! १९२५ सालचा चार्ली चॅप्लिनचा 'गोल्ड रश' घ्या. बर्फात अडकलेला, भुकेला चार्ली आपला बूट उकडतो. वरचे मऊ कातडे सोबत्याकडे जाते. याच्या वाट्याला तळ आणि खिळे. तो खिळे हाडांसारखे चोखतो, नाडी शेवयांसारखी काट्याला गुंडाळतो. (बूट खरे तर ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता.) चेहरा मात्र मेजवानीला बसलेल्या पाहुण्याचा!

माझ्या आईला इंग्रजीचे अक्षर येत नाही. ती आधी खळखळून हसली, मग एकदम गप्प झाली. म्हणाली, "उपाशी माणूस असाच बसतो रे. भूक दिसू देत नाही."

हास्य आणि करुण हे रस मी वीस वर्षे वर्गात वेगवेगळ्या दिवशी शिकवीत आलो आहे.