मात्रा ठरविताना
(रुग्णसेवेच्या कामातील कार्यकर्त्यांसमोर एका कर्करोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्यापैकी अनेकजण परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांना भेटत असतात. तेथे डोक्याचे केस गेलेले, आईचा हात धरून तोल सांभाळत चालणारे एखादे मूल आपण पाहिले असेल. त्या मुलाच्या उपचाराविषयी आज बोलावयाचे आहे.

लहान मेंदूत उद्भवणाऱ्या एका गाठीचे नाव मेड्युलोब्लास्टोमा. एकूण कर्करोगांत ती दुर्मीळ. पण बालवयातील मेंदूच्या घातक गाठींत तिचाच क्रमांक पहिला. सकाळी उठताच उलटी, डोकेदुखी, चालताना झोक जाणे ही तिची लक्षणे. आपल्याकडे उलटीला पित्त म्हणतात, डोकेदुखीला चष्मा लावतात आणि त्यात महिने जातात. असो.

ही गाठ मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातून पसरते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर केवळ गाठीच्या जागी किरण देऊन भागत नाही. संपूर्ण मेंदू आणि संपूर्ण पाठीचा कणा यांना किरणोपचार द्यावा लागतो. पूर्वी ही मात्रा ३६ ग्रे असे. मुले वाचत, पण बुद्धीची गती मंदावे, उंची खुंटे, थायरॉइड व वाढीची संप्रेरके कमी पडत. वय जितके लहान तितकी हानी अधिक. पुढे असे आढळले की सिस्प्लॅटिन, लोमस्टिन, विनक्रिस्टिन या औषधांची जोड दिल्यास, ज्यांचा आजार पसरलेला नाही अशा मुलांत ही मात्रा २३.४ ग्रेपर्यंत खाली आणता येते. गाठीच्या जागी मात्र एकूण ५४ ग्रे द्यावेच लागतात. दररोज १.८ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. तीन वर्षांखालील बालकांत शक्यतो औषधांवरच भर देऊन किरण टाळले वा लांबविले जातात.

आयुर्वेदाने वय, बल आणि प्रकृती पाहून मात्रा ठरवावी असे सांगितले. आधुनिक शास्त्राने त्यात आणखी एक गोष्ट जोडली : गाठीची प्रकृती. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या या गाठी जनुकांच्या पातळीवर किमान चार प्रकारच्या असतात, यावर २०१२ मध्ये शास्त्रज्ञांचे एकमत झाले आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला स्थान मिळाले. ‘डब्ल्यूएनटी’ प्रकारातील दहांपैकी नऊहून अधिक मुले बरी होतात. तिसऱ्या गटातील गाठ तितकीच निर्दय असते. ‘सोनिक हेजहॉग’ हा प्रकार तान्ह्या बाळांत आणि तरुणांत अधिक आढळतो. त्यावर नेमके चालणारे एक औषध आहे. परंतु वाढत्या मुलाच्या हाडांची टोके ते अकाली जोडून टाकते आणि उंची कायमची थांबते. म्हणून हाडांची वाढ पूर्ण झालेल्यांनाच त्याचा विचार करावयाचा. तेच औषध विशीतल्या तरुणाला चालते, सहा वर्षांच्या मुलाला नाही.

मग मात्रा आणखी कमी का करू नये? हा प्रश्न विचारला गेला, आणि त्याचे उत्तर मोलाचे आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांत कण्याची व मेंदूची मात्रा १८ ग्रेवर आणून अमेरिकेत पाहिले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की आजार उलटण्याचे प्रमाण वाढले. त्याच चाचणीत दुसरी गोष्ट मात्र साधली : अखेरची वाढीव मात्रा संपूर्ण पश्चभागाला न देता केवळ गाठीच्या जागेपुरती दिली तरी चालते. आपल्या टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी डब्ल्यूएनटी प्रकारातील निवडक मुलांत कण्याचे किरण पूर्ण वगळून पाहिले. मोजक्याच मुलांनंतर आजार उलटू लागला; त्यांनी अभ्यास तेथेच थांबविला आणि निष्कर्ष जगापुढे मांडला. स्वदेशी संशोधनाचा अभिमान यशाइतकाच या प्रामाणिकपणासाठीही बाळगावा, असे मला वाटते.

आता कार्यकर्त्यांच्या कामाचे. विदर्भातील एका सातवीतल्या मुलाचे वडील तेरा दिवसांच्या किरणोपचारानंतर मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पोरगा आता हिंडतो-फिरतो. सोयाबीन काढायला आलंय. बाकीचं दिवाळीनंतर घेतलं तर?” त्यांची अडचण खोटी नव्हती. पण या आजारात किरणोपचार मध्येच थांबला तर बरे होण्याची शक्यता घटते. आपल्याच एका कार्यकर्त्याने गावाकडे फोन लावून सोयाबीन काढून देणारी माणसे उभी केली. मुलाचे सहा आठवडे पूर्ण झाले. आज तो बारावीत आहे. उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येते. सिस्प्लॅटिनची ती किंमत. वर्गात त्याला पहिल्या बाकावर बसविण्यासाठीही कोणीतरी शाळेत जाऊन बोलावे लागले.

“किरणांनी मूल वेडे होते” असे सांगून पालकांना घरी परत नेणारे हितचिंतकही भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका. पालकांना सांगा की मात्रा, वय आणि गाठीचा प्रकार यांविषयी डॉक्टरांना थेट विचारा. ज्यांना परवडेल वा योजनेतून मिळेल, त्यांच्यासाठी प्रोटॉन उपचार आता चेन्नईत २०१९ पासून आणि खारघरच्या टाटा केंद्रात २०२३ पासून उपलब्ध आहे. त्यात पोट, हृदय, फुप्फुसे यांना जाणारे किरण पुष्कळ कमी होतात. गाठीवरचा परिणाम मात्र नेहमीच्या किरणांइतकाच, म्हणून प्रोटॉनसाठी महिनोन्‌महिने थांबणे योग्य नव्हे.

आणि एक अगदी साधी गोष्ट. जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया करून आलेले कुटुंब बहुधा केवळ अहवालाचा कागद घेऊन येते. गाठीचा प्रकार कागदावरून कळत नाही. गाठीचा तुकडा मेणात बसविलेला असतो, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. तो मूळ प्रयोगशाळेतून मागून घ्यावा लागतो. तो आणण्यात आठ-दहा दिवस सहज जातात. मुंबईची गाडी पकडण्यापूर्वीच तो पिशवीत आहे ना, एवढे आपण पाहावे.