परम संगणकाचे शिल्पकार

अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत १९४६ सालीं विजय भटकर यांचा जन्म झाला. १९८० नंतरच्या दशकांत भारताला हवा असलेला बलाढ्य महासंगणक अमेरिकेनें नाकारला. शस्त्रनिर्मितींत त्याचा उपयोग होईल, अशी तिला शंका होती. तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली व तिची धुरा भटकरांकडे आली. मुदत ३ वर्षांची होती. त्यांनीं अनेक लहान प्रक्रियक एकत्र जुंपले. मोठ्या गणिताचे भाग पाडून ते सर्वांनीं एकाच वेळीं सोडवावयाचे, अशी ही योजना. १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध झाला. प्रक्रियक परदेशी होते. त्यांची सांगड घालणारी बुद्धि येथलीच होती. नकाराला कामानेंच उत्तर द्यावें, हा धडा त्यांतून मिळतो.